फाट्यावरचं सायकलचं दुकान : पंक्चर, ओव्हरहॉलिंग अन् रेडियम

राळेगाव-कळंब साईडला ज्यांची पोरं-पोरी सायकलनं शाळेत जातात त्यांच्यासाठी हे लिहून राहिली आहे. फाट्यावर टिनाच्या शेडमध्ये एक सायकलचं दुकान आहे, बोर्डवर मालकाचं नाव नाही, नुसतं सायकल रिपेरिंग लिहिलं आहे. काकांनी सांगितलं की माझं नाव अन् फोन नंबर कुठं टाकू नका ताई, म्हणून टाकत नाही. फाट्यावर उतरून रेडियमवाले काका कुठं बसतात विचारलं तर कोणीही दाखवेल.

पहिले कामाचं सांगते. पंक्चर सगळेच काढतात, पण काका ट्यूब बाहेर काढली की लगेच घमेल्यात बुडवत नाहीत, आधी टायरच्या आतून बोट फिरवतात पूर्ण गोल, हळूहळू. आपल्याकडे सराटे अन् बाभळीचे काटे, त्यात काटा टायरमध्येच राहिला तर ट्यूबला पॅच लावून उपयोग काय, दुसऱ्या दिवशी अर्ध्या रस्त्यात पुन्हा हवा जाते अन् पोरगी सायकल हातात धरून पायी. मग कानशीनं ट्यूब घासतात, सोल्युशन लावतात अन् ते सुकेपर्यंत खरंच थांबतात, आपण कितीही घाई केली तरी. ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सुटतोच. माझ्या पोरीच्या सायकलचे त्यांनी लावलेले पॅच आजपर्यंत सुटले नाहीत.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडं फिरणं, काढण्यात तर त्यांचा हात धरणारा मी आमच्या भागात पाहिला नाही. चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळ खडू धरतात, जिथं रिम खडूला घासते तिथला स्पोक ढिला की घट्ट ते पाहून पान्यानं पाव पाव फेरा फिरवतात. ज्यांच्या पोरींना सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली त्यांनी हे काम करून घ्याच. त्या योजनेत 125 तालुके येतात, आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत गाव असलं तर, पहिले 3500 मिळायचे, आता 5000 मिळतात. तेवढ्यात बसते ती सायकल लोकं घेतात, अन् फिटिंग घाईत केलेली असते. नवी सायकल महिनाभर चालवली की एकदा सगळे नट कसून घ्या, छर्ऱ्यांना ग्रीस आहे का पाहा. नवीन आहे म्हणून आपण पाहतच नाही.

आता कमी काय ते पण सांगते. गिअरवाली सायकल किंवा डिस्क ब्रेकवाली नेऊ नका, काका स्वतःच म्हणतात की ते माझ्याच्यानं होत नाही. हात सावकाश आहे. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्या आठवड्यात दुकानासमोर सायकलींची लाईन असते, सकाळी दिलेली सायकल संध्याकाळी मिळेल याची गॅरंटी नाही. बसायला एक बाकडं, दुपारी त्याच्यावर ऊन येतं. सीट कव्हर अन् पायडल ते स्वस्तातले ठेवतात, चांगले पाहिजे असले तर यवतमाळवरून आणून त्यांच्याकडं बसवून घ्या.

मोठ्या माणसांकडून रेट नेहमीचाच घेतात, फोनवरून पैसे दिले तरी चालते. पण शाळेच्या ड्रेसवर लेकरू आलं तर पैसे घेतच नाहीत. पंक्चर, ब्रेकचं रबर, चेन कसणं, हवा, सगळं फुकट. माझ्या समोरच एक सातवी-आठवीतली पोरगी खिशातून दहाची नोट काढून म्हणाली, काका बाकीचे उद्या देते, तर काका म्हणाले, "ठेव व बेटा. तिच्या खात्यात गेले ते." अन् एक वही समोर केली. पोरीनं स्वतःच तारीख टाकली, काम लिहिलं, आपल्या गावाचं नाव लिहिलं, अन् पुढं काकांच्या मुलीचं नाव. किराण्याच्या उधारीची असते तशीच लांबोळकी वही, फरक एवढाच की सगळी उधारी एकाच नावावर आहे.

काकांची मुलगी नववीत होती. चार-पाच वर्षं झाली असतील. हिवाळ्याचे दिवस, जादा तास संपवून एकटीच सायकलवर गावाकडं येत होती, मागून येणाऱ्या गाडीवाल्याला ती दिसलीच नाही. हे काका स्वतः सांगतात, कोणी विचारलं तर, आवाज न वाढवता. गाडीवाल्याबद्दल काही बोलत नाहीत. सायकलला मागं चमकणारं काहीच नव्हतं, कंपनीचा प्लॅस्टिकचा लाल रिफ्लेक्टर खड्ड्यांनी कधीचाच तुटून पडला होता, एवढंच सांगतात. अन् सायकल रिपेरिंग करणाऱ्या माणसाच्या घरची सायकल होती ती. याच्यावर मी काही लिहू शकत नाही.

हिवाळ्यात आपल्याकडं अंधार किती लवकर पडतो हे मुंबई-पुण्याच्या लोकांना लक्षातच येत नाही. आपण राज्याच्या पूर्वेकडं, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाच-पावणेसहालाच दिवस बुडतो, मुंबईत तेव्हा अजून उजेड असतो, पण शाळा सुटायची वेळ मात्र सगळीकडं सारखीच. पाचला शाळा सुटली, दहावीवाल्यांचा जादा तास झाला, मानव विकासची निळी बस हुकली, की चार-पाच किलोमीटर अंधारात. दोन गावांच्या मध्ये रस्त्यावर लाईट नाही. अन् नेमका तोच कापसाचा सीझन, जिनिंगकडं जाणाऱ्या ट्रॉल्या, मेटाडोर, बैलगाड्या, कितीतरी ट्रॉल्यांना मागचा लाईटच नसतो. मग त्यात सकाळचं धुकं. आपण सगळे हे रोज पाहतो अन् घरी जातो, मी पण.

तर रेडियम. दुकानात सायकल कशालाही आली, नुसती हवा भरायला आली तरी, रेडियम लावल्याशिवाय परत जात नाही. समोर पांढरं, मागं लाल, बाजूला पिवळं, मोठ्या गाड्यांना असते तसंच. पट्ट्या काकू कापतात, एका साईजच्या, अन् कोपरे गोल करतात कारण टोकदार कोपरा नखानं लवकर उखडतो, पोरं बसल्या बसल्या ओढतात. लावायच्या आधी मडगार्ड थिनरच्या फडक्यानं पुसायचं, सुकू द्यायचं, मग पट्टी एका बाजूनं अंगठ्यानं दाबत जायची म्हणजे आत हवा राहत नाही. मला सगळ्यात पटलं ते पायडलचं. काका दोन्ही पायडलच्या मागच्या कडेला बारीक पट्टी लावतात. म्हणतात, मडगार्डवरचं रेडियम एका जागी चमकते, दुरून वाटते मैलाचा दगड हाय का फाटक हाय, पण पायडलवरचं खाली-वर होते, मंग गाडीवाल्याले लगेच समजते का हे सायकल हाय, माणूस हाय. मी अंधारात उभी राहून पोरीला सायकल चालवायला लावली अन् मागून गाडीच्या लाईटमध्ये पाहिलं. खरंच, दोन ठिपके खाली-वर होताना दिसले की नजर तिकडंच जाते.

सायकलीच नाही, बैलगाडीच्या मागच्या फळीला, ट्रॉलीच्या पाठीमागं, दूधवाल्यांच्या कॅनला पण लावून देतात, तेही फुकट. ट्रॉलीवाल्यांना थांबवून लावतात. सुरुवातीला काही जण वैतागायचे म्हणे, आता दसरा झाला की स्वतःच ट्रॉली आणून उभी करतात.

पहिल्या वर्षश्राद्धाला गावजेवण द्यायचं असं नातेवाईकांचं म्हणणं होतं. काका-काकूंनी घरच्या चार माणसांत पूजा केली अन् बाकी पैशाचे रोल आणले, तिथून हे चालू झालं. तोवर दुकान बंदच होतं. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा, त्यांचा मुलगा गोविंदा गेल्याची खबर कीर्तन चालू असताना आली अन् बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते नेहमी आपल्या आवाक्याच्या बाहेरचं वाटत आलं. बाबा संत होते. हे दोघं साधी माणसं आहेत, ते थांबले, कितीतरी महिने घराबाहेर निघाले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत. मग उठले अन् त्या संध्याकाळी त्यांच्या लेकराच्या सायकलवर जे नव्हतं ते दुसऱ्यांच्या लेकरांच्या सायकलवर लावायला लागले. मोठं दान नाही, पंधरा-वीस रुपयांची पट्टी असेल. पण ज्या रस्त्यावर आपलं लेकरू गेलं त्याच रस्त्याच्या फाट्यावर रोज सकाळी दुकान उघडून बसायचं, अन् दुसऱ्याची पोरगी घरी नीट जावी म्हणून वाकून पट्टी चिकटवायची, हे मला तरी जमलं नसतं असं वाटते.

काकूंशी बोलायला मला भीती वाटायची. काय बोलावं, बोलताना नाव निघालं तर रडतील का. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "लोकं आमच्यासमोर तिचं नाव नाई काढत, आमाले वाईट वाटन म्हणून. दिवसभर कोणी नाव नाई घेतलं ना, तेच वाईट वाटते." तेव्हा मला त्या वहीचं समजलं. हिशोब तर त्या ठेवतातच, महिन्याच्या शेवटी किती पंक्चर, किती रेडियम लागलं सगळं मांडतात, पण वही पोरींच्याच हातानं लिहून घेतात कारण लिहिताना प्रत्येक पोरगी ते नाव मोठ्यानं वाचते. ज्या पोरींनी तिला कधी पाहिलं नाही त्या पण अमुक ताईच्या खात्यात टाका काकू, असं म्हणतात. तुम्ही गेलात अन् विषय निघाला तर गप्प होऊ नका, खाली पाहू नका. ती कशी होती विचारा. तिला गणित आवडायचं, कबड्डीत होती, भाकर सोडून पोळीच खायची, काकू सगळं सांगतात, अन् सांगताना चेहरा फुलतो त्यांचा.

एक गोष्ट मात्र खटकली, लिहितेच. काही मोठी माणसं स्वतःची सायकल लेकराच्या हातात देऊन, त्याला ड्रेस घालून दुकानावर पाठवतात, पूर्ण ओव्हरहॉलिंग फुकटात करून घ्यायला. काकांना समजते, ते काही बोलत नाहीत. म्हणून मी बोलते. असं करू नका. त्या वहीतली ओळ तुमच्या पंक्चरसाठी नाही.

मदत करायची असेल तर पैसे घेत नाहीत, डबा ठेवला नाही, ठेवणार पण नाहीत. रेडियमचा रोल आणून दिला तर घेतात, पण साधं स्टिकरवालं चमकीचं आणू नका, ते दिवसा छान दिसते अन् रात्री काहीच करत नाही. ज्याच्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते ते आणा. दुकानात घ्यायच्या आधी मोबाईलचा टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून लांबून पाहा, एकदम उजळलं पाहिजे. आमच्या बचत गटानं दिवाळीला भेटवस्तूंच्या ऐवजी असे रोल दिले, काकांनी त्यातला एक वापस करून सांगितलं की हा तुमच्याच गावातल्या गाड्यांना लावा, कसं लावायचं ते शिकवतो. आता आमच्या गावात बायाच लावतात.

शिकवतात पण. रविवारी सकाळी पोरींना पंक्चर काढणं, चेन बसवणं, ब्रेक कसणं शिकवतात, म्हणजे रस्त्यात अडकून अंधार व्हायला नको. माझी पोरगी दोन-चार रविवार गेली अन् आता घरची सायकल तीच पाहते. पहिल्यांदा टायर रिमवर चढवताना टामीनं, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीनं, ट्यूबच चिमटली, काका हसले अन् म्हणाले, शेवटचा घास हातानं भरायचा, टामी लावायची नाई. तेव्हापासून ती हातानंच चढवते. पोरांना पण येऊ देतात, पहिले फक्त पोरींसाठी होतं.

अजून एक. संध्याकाळी उशीर झाला तर काकू एकट्या पोरीला निघू देत नाहीत, त्याच रस्त्याचं दुसरं कोणी येईपर्यंत बसवून ठेवतात, घरी फोन लावून देतात. तुम्हाला असा फोन आला तर घाबरू नका अन् चिडू पण नका.

रिपेरिंगसाठी पाचपैकी चार देते, एक कमी केला तो उशिरामुळं अन् पायडलच्या क्वालिटीमुळं. बाकीच्या गोष्टींना मार्क देणारी मी कोण.

दुकान सकाळी आठ-साडेआठला उघडते, दुपारी जेवणाच्या वेळेत बंद, मग अंधार पडून शेवटचं लेकरू फाट्यावरून जाईपर्यंत. पेरणीच्या दिवसात काका वावरात असतात तेव्हा काकू हवा अन् रेडियम करतात, पंक्चर मात्र संध्याकाळीच. ट्रॉली न्यायची असेल तर कापूस निघायच्या आधी, पोळा ते दसरा या दिवसांत न्या, अन् ऊन चढल्यावर दहा-अकराला न्या, सकाळच्या दवानं पत्रा ओला असला की पट्टी धरत नाही. मागची बाजू घरूनच धुऊन नेली तर काकांचा अर्धा तास वाचतो.