गॅरेट एस ३००आय : नाण्यांसाठी घेतलं, टोकनांसाठी ठेवलं

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असणारे सुटतील. पाचपैकी साडेतीन स्टार, मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं पहिलं मशीन म्हणून बिनधास्त घ्या, फक्त त्यातला ‘कॉइन्स’ नावाचा मोड आहे त्याला हात लावू नका. का ते खाली.

मी सफकमधे राहतो, इंग्लंडचा पूर्वेकडचा भाग, सपाट मुलूख आणि जिकडे बघावं तिकडे शेती. इथे रविवारी हेडफोन लावून शेतात दांडा हलवत फिरणारी माणसं सर्रास दिसतात, त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. आणि वाटेल कसं, १९९२ ला इथल्याच हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, तो शोधून दे म्हणून त्याने डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावलं, आणि त्या बाबाला मिळाली जवळपास १५ हजार रोमन नाणी, वर सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे. हातोडा पण सापडला बरं का, तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे! तेव्हापासून या भागात प्रत्येक जण मनातल्या मनात कुणाचा तरी हातोडा शोधत असतो.

आता मशीन. गॅरेट ही टेक्ससची कंपनी आणि हे त्यांच्या स्वस्तातल्या रेंजमधलं. दांड्याचे तुकडे जोडायचे, चार पेन्सिल सेल टाकायचे, झालं. वजन सव्वा किलोच्या आसपास, त्यामुळे अर्धा दिवस फिरवलं तरी खांदा बोलत नाही. स्क्रीनवर ० ते ९९ असा आकडा येतो आणि तीन आवाज आहेत, लोखंडाला जाड खालचा, मधल्या मालाला मधला, आणि तांबं-चांदीची जाडजूड वस्तू असेल तर टण्ण करून घंटी. वस्तू साधारण किती खोल आहे तेही दाखवतं, पण तो अंदाज नाण्याएवढी वस्तू धरून असतो, खाली नांगराचा तुकडा असेल तर काहीही सांगतं.

लोकांची गल्लत होते ती या आकड्यावरून. त्यांना वाटतं आकडा म्हणजे धातूचं नाव. तसं नाहीये, धातू किती वाहक आहे आणि वस्तू केवढी, किती जाड, हे सगळं मिळून तो आकडा बनतो. व्हिक्टोरिया राणीचा मोठा ब्राँझचा पेनी असेल तर ठणठणीत वरचा आकडा येतो, तो शेंबडं पोर पण काढेल. पण मध्ययुगातला हाताने ठोकलेला चांदीचा पेनी नखासारखा पातळ असतो, त्याचेही सुट्टे पैसे हवे म्हणून लोक कापून अर्धे आणि पाव करायचे, तो पाव तुकडा मधेच कुठेतरी बोलतो. शिशाची टोकनं मधे. आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची ती ओढायची रिंग, ती पण नेमकी तिथेच! कॉइन्स मोड काय करतो तर त्या रिंगांचा त्रास नको म्हणून मधला पट्टा गप्प करून टाकतो. अमेरिकेत पार्कमधे आजकालची नाणी वेचायची असतील तर उत्तम, इथे मात्र तुम्ही चांगल्या मालावरून चालत जाणार आणि मशीन हूं की चूं करणार नाही. मी कस्टम मोडमधे, म्हणजे आपण ठरवू ते बंद-चालू करता येतं त्यात, फक्त अगदी खालचं लोखंड बंद ठेवतो, बाकी सगळं चालू, आणि मधला टोन दोन्ही बाजूंनी फिरवून तसाच येत असेल तर उकरायचंच, मग रिंग निघो की काडतुसाचं पितळी बूड.

आणि याच पट्ट्यात टोकनं राहतात, ज्यासाठी मी हे मशीन अजून विकलेलं नाही. १६४८ ते १६७२ या काळात इंग्लंडमधे सरकार पुरेशी चिल्लर काढत नव्हतं, मग वाणी, बेकरीवाले, खानावळवाले सगळे स्वतःच्या नावाची टोकनं, म्हणजे खाजगी फार्दिंग (पाव पेनी) आणि अर्धे पेनी, पाडायला लागले. मला एका धसकटाच्या रानात असंच एक निघालं, आकडा पन्नास-साठच्या मधे नाचत होता, वाटलं रिंगच. ढेकूळ फोडलं तर कडेला हिरवट किनार दिसली, रुपयापेक्षा लहान, पातळ, जरासं वाकलेलं. तिथल्या तिथे घासायचं नाही हं, अजिबात नाही, घरी साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने हळूच. मधे तीन अक्षरं निघाली, वर पी, खाली जे आणि ए. वरचं आडनावाचं, खालची दोन नवरा आणि बायकोच्या नावाची. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी दुकानाच्या पैशावर बायकोचं पण अक्षर! आमच्या हिने ते बघून पहिला प्रश्न केला, “मग आपल्या घराच्या पाटीवर माझं नाव का नाही?” विषय वाढला, सोडा.

१६७२ ला राजाने सरकारी तांब्याचे फार्दिंग काढले आणि दुकानदारांची टांकसाळ बंद झाली, आणि दोनच वर्षांनी आपल्याकडे राज्याभिषेक होऊन शिवराई आली. हे असं जुळवत बसायला मला आवडतं, त्याचा मशीनशी काही संबंध नाही.

सफकची खास चीज म्हणजे बॉय बिशपची शिशाची टोकनं, बरी सेंट एडमंड्स गावची, साधारण पंधराव्या शतकाचा शेवट आणि सोळावं शतक. सेंट निकोलसच्या सणाला एका पोराला काही दिवस बिशप करायचे, त्या वेळी ही वाटली जायची आणि गरिबांना त्यावर खायला मिळायचं. शिसं असल्यामुळे राखाडी, बेढब, नवखा माणूस भंगार म्हणून फेकून देतो.

आता न आवडलेलं. हे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन आहे, ८ किलोहर्ट्झ, त्यामुळे समुद्रकिनारी ओल्या खाऱ्या वाळूत नुसतं किरकिरतं, कोरड्या वाळूत ठीक. कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची चकती, पाण्यात चालते पण वरचा स्क्रीनचा डबा नाही, आणि इथला पाऊस काय विचारून येत नाही, प्लास्टिकची पिशवी बांधून फिरा. स्क्रीनला लाइट नाही. शेतात कचऱ्यापासून बनवलेलं कंपोस्ट टाकलेलं असेल तर फॉइलच्या चिंध्यांनी डोकं उठतं, पण त्यात महागडी मशिनंही रडतात. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, मात्र वेगळा घ्याच, नाहीतर मातीच्या गोळ्यात टिकलीएवढी वस्तू शोधत बसाल.

परवानगीशिवाय कुठेही जायचं नाही, जमीनमालकाशी निम्म्या-निम्म्याचं आधी लिहून घ्यायचं, संरक्षित जागेत तर मशीन बॅगेतून काढायचंही नाही. १९९६ च्या ट्रेझर कायद्यात ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली की १४ दिवसांत कळवावं लागतं. माझं सुटं टोकन त्यात बसत नाही, तरी काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) फाइंड्स ऑफिसरकडे, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवतात त्यांच्याकडे, नेऊन नोंद केली, बाई इतक्या मन लावून बघतात की आपल्यालाच भारी वाटतं.

गावाकडून मावसभाऊ विचारतो, “दादा, येताना घेऊन ये की, गडावर फिरवू.” त्याला जे सांगितलं तेच इथे. संरक्षित किल्ल्यावर खोदणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या कायद्याने जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तिकडे आणायचं डोक्यातून काढा.

नवीन दोनशे-अडीचशे पौंडांच्या घरात पडतं, पण सेकंडहँड भरपूर मिळतात, कारण बरेच जण एक हिवाळा खिळे उकरतात आणि वैतागून विकून टाकतात. घेताना कॉइलची वायर जोडापाशी हलवून बघा, आवाज तुटत असेल तर सोडून द्या, आणि विकणाऱ्याला म्हणा जमिनीवर एक नाणं आणि शेजारी एक खिळा ठेवून समोर फिरवून दाखव.