४.९ तारे, ६०० रिव्ह्यू आणि अडवून ठेवलेलं सामान

कोटेशन १८,५०० रुपयांचं. खिशातून गेले ३६,५००. वर टीव्हीच्या स्क्रीनला उभी चीर, ती वेगळीच. बदलीमुळे घर हलवायचं होतं, आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांनी असं लुटल्यावर मेहुण्यांचा पहिला प्रश्न काय? "रिव्ह्यू बघितले नव्हते का?"

बघितले होते! म्हणूनच तर जास्त चीड येते. नकाशाच्या ॲपवर ४.९ रेटिंग, ६०० च्या वर रिव्ह्यू. बाकीचे सगळे ४.१, ४.२ वर. कुणीही यांनाच फोन लावला असता.

पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. ॲडव्हान्स ५,००० यूपीआयने, ट्रक भरताना ८,५००, आणि सामान ताब्यात गेलं की फोनवरचा "सर, सर" बंद. द्यायचे राहिले होते ५,०००, मागितले २५,६३०. जादा सामानाचे ९,८००, इन्शुरन्सचे ७,५००, जीएसटीचे ३,३३०. पॉलिसीचा कागद मागितला तर म्हणे ऑफिसातून येईल. अजून यायचाय. "पेमेंट झाल्याशिवाय गाडी गोडाऊनमधून निघणार नाही." मुलीच्या शाळेचा दाखला, आईच्या औषधांचा डबा, सगळं त्या गाडीत. २३,००० वर तुटलं. दिले. नसते दिले तर काय, चटईवर संसार मांडला असता?

मला राहून राहून आठवतो तो एक रिव्ह्यू. पाच तारे, खाली लिहिलेलं: "हेअर स्पा मस्त, स्टाफ पोलाइट." मूव्हर्सच्या पानावर! मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ट्रकमध्ये हेअर स्पा पण देतात वाटतं, असं म्हणून आम्ही दोघं हसलो, आणि मी पुढे गेलो. तिथेच सगळं लिहून ठेवलेलं होतं. ते पान मुळात कुठल्यातरी सलूनचं. जुनं पान मिळवायचं, त्यावरचं नाव, फोन, धंद्याचा प्रकार बदलायचा. आधीचे तारे तसेच राहतात. नंतर शांतपणे खाली गेलो तर फेशियल होतं, ब्रायडल मेकअप होता. वरचे दीड-दोनशे मात्र "व्हेरी प्रोफेशनल, हायली रेकमेंडेड" छापाचे, एकाच महिन्यात पडलेले. त्यांतल्या एकाच्या नावावर टिचकी मारली. या गृहस्थांनी त्याच आठवड्यात तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या दातांच्या दवाखान्याला, कोचिंग क्लासला आणि टाइल्सच्या दुकानाला पाच-पाच तारे दिलेले. तेव्हा रिव्ह्यू नाही, रिव्ह्यू देणारा वाचा. क्रम बदलून सगळ्यात कमी तारेवाले आधी काढा.

एक तारेवाले मीही वाचले होते, अगदीच आंधळा नव्हतो. "सामान अडवून पैसे मागतात," असं दोघांनी लिहिलं होतं. खाली मालकाचं उत्तर: या नावाचे आमचे ग्राहकच नाहीत, हे स्पर्धकांचं काम आहे. मला पटलं, कारण स्पर्धक असले धंदे करतातच. खोटे वाईट रिव्ह्यूसुद्धा विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे.

पोलिस चौकीत गेलो. "हे सिव्हिल मॅटर आहे. पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" मग, गाडी जिथे अडवली त्या हद्दीत जा. त्या हद्दीतले म्हणाले, जिथून सामान उचललं तिथे जा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते मी मोबाइलवर दाखवलं, तर "मग वकीलच करा ना साहेब." हातात दिला तो तक्रार अर्जाच्या झेरॉक्सवरचा शिक्का.

ॲपवाल्यांचं तर बोलायलाच नको. हेअर स्पावाल्या रिव्ह्यूंची तक्रार केली. धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. मी पावतीच्या फोटोसकट एक तारा दिला. तो धोरणाविरुद्ध म्हणून उडवला! माणूस कुठे आहे तिथे, कुणाशी बोलायचं? ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत याचं भारतीय मानक २०२२ मध्ये निघालंय, आयएस १९०००. लिहिणारा खरा आहे का हे बघा, पैसे देऊन लिहून घेऊ नका, सगळं आहे त्यात. फक्त ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक! म्हणजे ज्याला खोटेपणा करायचाय त्याने स्वखुशीने थांबायचं.

बिलावरचा जीएसटी नंबर आधी सरकारी पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. मी नंतर टाकला: नोंदणी रद्द, नाव तिसऱ्याच फर्मचं. आणि माझ्याकडून ३,३३० जीएसटी घेतला. गाडी हलायच्या आधी सामानाची यादी सहीशिक्क्यानिशी घ्या. दाखले, दागिने, औषधं स्वतःजवळ ठेवा, कितीही गैरसोय झाली तरी. फोनवर ठरलेलं काही धरू नका. ऑफिसचा पत्ता देतात तिथे कुणालातरी पाठवून बघा. आमचा पत्ता बंद शटरचा निघाला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकलीय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, त्यांच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून घ्या. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. १८,००० जादा घेतलेत त्यांनी माझ्याकडून, शिवाय टीव्ही; मी सोडणार नाही. यांनी आणखी कुणाचं सामान अडवलं असेल तर यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि कॉल रेकॉर्डिंग पुसू नका, आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा. परवा त्यावरचा फोन नंबर बदललाय.