पहिलं नाटक कुठलं दाखवावं: मोठं नाट्यगृह, छोटा रंगमंच, स्पर्धा की जत्रा?

पोराला पहिलं नाटक दाखवायचं ठरलं की बहुतेक आईबाप सुट्टीतली सगळ्यात मोठी जाहिरात बघून तिकिटं काढतात. त्यात चूक काही नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नाटक किती चांगलं आहे याच्याइतकंच महत्त्वाचं असतं ते मध्येच उठून यावं लागलं तर जिवाला किती लागेल. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझं मत स्वस्त आणि आखूड प्रयोगाकडे झुकतं. मोठ्या नाटकाला पुढच्या वर्षी जाता येतं.

तरी सुरुवात मोठ्या नाटकापासूनच करू, कारण मुलांच्या डोळ्यांना खरी मेजवानी तिथेच मिळते. 1959 साली सुधा करमरकरांनी ‘लिटिल थिएटर’ सुरू केलं, तेव्हापासून राजा, राक्षस, चेटकीण हा थाट मराठी बालनाट्यात मुरलेला आहे. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ 2018 मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं. त्यात वैभव मांगले चेटकीण झाले. जुन्या प्रयोगांत ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली होती. त्यामुळे अशा नाटकाला आजी-आजोबाही हौसेने येतात, आणि नातवापेक्षा जास्त हसतात.

अडचणी वेगळ्याच असतात. मध्यंतर धरून दोन तास कुठेच जात नाहीत. चौघांचं कुटुंब गेलं की हजार रुपये सुटतात, त्यात मध्यंतरातला वडा आणि वेफर्स वेगळे. आणि ती मिटणारी खुर्ची! वीस किलोच्या आतलं मूल मागे टेकलं की बैठक वर उचलली जाते आणि पाय हवेत. मग समोरच्या काकांचं डोकं चुकवायला ते मांडीवर येतं आणि तिकिटाची खुर्ची रिकामी. बाल्कनी स्वस्त म्हणून घेऊ नका. कठडा नेमका लहान मुलाच्या नजरेच्या रेषेत येतो. तिसऱ्या घंटेनंतर एकदम होणारा अंधारही काहींना चेटकिणीपेक्षा जास्त घाबरवतो. घरातून निघतानाच सांगून ठेवावं, की दिवे जातील, आणि चेटकीण म्हणजे रंग लावलेले एक काका आहेत.

पुण्यातल्यांना दुसरा रस्ता आहे, ग्रिप्सचा. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची ही पद्धत 1986 च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे यांनी इथे आणली. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात. राजा नाही, परी नाही. भाऊबहिणींची भांडणं, घरातली ओरड, शाळा असे विषय, आणि अधूनमधून गाणी. सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागेत नटाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो, आणि मुलाला पहिल्यांदा उमगतं की हे खरं माणूस आहे, पडद्यावरचं नाही. मला वैयक्तिकरीत्या हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो. पण सात-आठ वर्षांच्या आधी त्यातली गंमत अर्धीच पोचते. मिशीवाला माणूस ‘मी पहिलीत आहे’ म्हणतो तेव्हा त्याहून लहान मुलं आईकडे संशयाने बघतात.

सगळ्यात कमी चर्चा होते ती राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेची. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं, केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत असतात आणि तिकीट नाममात्र. एका दिवशी एकामागून एक नाटकं होतात, तीही आटोपशीर. दहा मिनिटांत मूल कंटाळलं तर उठा, बाहेर फिरवा, पुढच्या नाटकाला परत या. दर्जाची हमी मात्र अजिबात नाही. एखादं नाटक झकास निघतं; त्यानंतरचं झाडं लावा, मोबाईल सोडा असं भाषणच असतं. पण स्टेजवर आपल्याच वयाच्या आसपासची मुलं बघून प्रेक्षागृहातली मुलं जशी पुढे सरकून बसतात, तशी मोठ्या नाटकात क्वचितच. नाशिक, सांगली, अकोला अशा शहरांतल्या पालकांनी आधी हेच शोधावं. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, म्हणून केंद्राच्या नाट्यगृहात चौकशी करून ठेवायची.

आणि कोकणात किंवा गोव्यात गाव असेल तर दशावतार फुकट. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं, म्हणून दुपारी पोरांना झोपवून आणायचं. नेपथ्य म्हणजे जवळपास एक बाकडं. बाकी सगळं पेटी, पखवाज, झांज आणि नटांच्या तोंडावर. संवाद लिहिलेले नसतात. सुरुवातीला गणपती येतो, मग काळ्या वेशातला संकासुर. काही मुलं खदखदून हसतात, काही आजीच्या पदरात तोंड खुपसतात. पुढचं आख्यान लहानांना फारसं कळत नाही, पण झोप आली तर चटईवर आडवं करायचं, कोणी ‘शू’ करत नाही.

मोठंच नाटक ठरलं असेल तर खिडकीवर किंवा ॲपवर कडेची खुर्ची मागा, पाचव्या ते आठव्या रांगेतली. अगदी पुढे आवाज कानात बसतो. घरची उशी नेली तर खुर्ची मिटत नाही.