ऑइल ड्रेन प्लगची निवड : एका चुंबकी पोलादी प्लगचे परीक्षण

माझ्या मोटारसायकलच्या ड्रेन प्लगचा, म्हणजे जुने ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाशी असलेल्या बोल्टचा, षट्कोनी माथा कुणीतरी पूर्वी चुकीच्या मापाचा पाना घालून जवळजवळ गोल करून ठेवला होता. मागच्या खेपेला ऑइल बदलताना तो पकडीत धरून कसाबसा सोडवावा लागला, आणि तोच बोल्ट पुन्हा बसवण्यात अर्थ नव्हता. मूळ प्लगसारखाच साधा प्लग आणावा, की माथ्याच्या विरुद्ध टोकाला चुंबक असलेला घ्यावा, हा प्रश्न तेव्हा पडला. मी दुसरा पर्याय निवडला आणि दोन ऑइल-बदल झाल्यावर हे लिहीत आहे.

निवडीपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : या जोडीत महाग भाग प्लग नाही, तो ज्यात बसतो तो क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच (पुढे नुसते ‘केस’), आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्रँककेस अॅल्युमिनिअमच्या ओतकामाचा असतो आणि प्लग पोलादाचा. अति आवळल्यास किंवा चुकीच्या आट्यांचा बोल्ट जबरदस्तीने फिरवल्यास प्लगला काही होत नाही, आटे केसचे जातात. म्हणून कोणताही नवा प्लग पारखताना तो स्वतः किती टिकेल याबरोबरच तो केसला काय करील, हेही विचारले पाहिजे.

पहिली कसोटी अर्थातच मापाची. अनेक मोटारसायकलींना 12 किंवा 14 मिलिमीटर व्यासाचा प्लग असतो, पण नुसत्या व्यासावर विसंबून चालत नाही. दोन शेजारच्या आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, 1.5 मिलिमीटरही असते आणि 1.25 मिलिमीटरही. 1.5 पिचच्या भोकात 1.25 पिचचा प्लग एखाद-दोन फेरे हाताने सहज जातो, मग अडतो, आणि नेमका त्याच क्षणी आपला हात पान्याकडे जातो. तो जाऊ देऊ नये. योग्य प्लग वॉशर टेकेपर्यंत केवळ बोटांनी फिरला पाहिजे. व्यास आणि पिचइतकेच महत्त्व माथ्याखालच्या लांबीला आहे, कारण प्लग आखूड असेल तर थोड्याच आट्यांवर सगळा ताण येतो आणि लांब असेल तर आतल्या भागाला तो लागू शकतो. चुंबकी प्लगच्या बाबतीत चुंबकाची लांबीही त्यात मोजावी लागते, आणि ही गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास विसरली जाते. मी भोकात बारीक काडी घालून आतली मोकळी जागा मोजून घेतली होती. काही छोट्या इंजिनांत ड्रेन प्लग म्हणजे स्प्रिंग आणि जाळी धरून ठेवणारे मोठे झाकण असते; तिथे हा विषयच वेगळा होतो, कारण त्या झाकणाच्या जागी साधा बोल्ट चालत नाही.

धातूच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : पोलादच घ्यावे. रंगीत मुलामा दिलेले अॅल्युमिनिअमचे प्लग दिसायला देखणे आणि वजनाला हलके असतात, परंतु त्यांचा माथा लवकर झिजतो, आणि अॅल्युमिनिअमवर अॅल्युमिनिअम घासले की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून ओरबाडण्याची शक्यता वाढते. मऊ प्लग वापरला तर केसऐवजी प्लगचेच आटे आधी जातील, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण अडकलेला मऊ प्लग सोडवताना तुटला, तर तो फायदा तिथेच संपतो. टायटॅनिअमच्या प्लगमध्ये काही ग्रॅम वाचवण्यापलीकडे मला काही दिसत नाही.

आता चुंबकाविषयी. चुंबक गाळणीचे काम करत नाही. तो फक्त लोह असलेले कण धरतो; अॅल्युमिनिअम, कांसे किंवा क्लचच्या घर्षण-पट्टीचा चुरा त्याच्या हाती लागत नाही. तरीही इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच ज्या मोटारसायकलींत एकाच ऑइलवर चालतात, तिथे गिअरचे पोलादी कण त्याच ऑइलमधून फिरत असल्यामुळे चुंबकाला धरायला पुष्कळ काही असते. त्याचा खरा उपयोग निदानासाठी आहे : टोकावर करडी, पिठासारखी बारीक लुकण दिसली तर ती नेहमीची झीज, चमकते तुकडे किंवा खपल्या दिसल्या तर इंजिन उघडून पाहावे.

इथेच या प्लगची मोठी उणीव सांगितली पाहिजे. सामान्य दर्जाचे निओडिमिअम चुंबक साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचे असतात, आणि तापलेल्या इंजिनातले ऑइल त्यापुढे सहज जाते. अधिक उष्णता सोसणारे दर्जे आणि समेरिअम-कोबाल्टचे चुंबक उपलब्ध आहेत, पण माझ्या प्लगच्या वेष्टनावर यांतला कोणता आहे याचा उल्लेखच नाही. चुंबक नुसता चिकटवलेला नसून कड दाबून बसवलेला आहे, ही जमेची बाजू. चिकटवलेला चुंबक गरम ऑइलमध्ये सुटला, तर तोच इंजिनातला नवा कचरा ठरतो.

सोबत मिळालेला तांब्याचा वॉशर मी वापरला नाही. मूळ वॉशर अॅल्युमिनिअमचा होता, तसाच नवा आणला. हे वॉशर दाबले जाऊन फट बुजवतात. म्हणून दर वेळी नवा घालणे उत्तम. गळती दिसली की प्लग आणखी आवळण्याची सवय मात्र घातक आहे, कारण दोष बहुधा वॉशरचा किंवा बैठकीवरच्या घाणीचा असतो. 12 मिलिमीटरच्या प्लगसाठी उत्पादक आवळण्याचा जोर (टॉर्क) बहुधा 20 ते 30 न्यूटन-मीटरच्या आसपास सांगतात, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच पाळावा आणि तो जोर मोजणारा टॉर्क पाना वापरावा. आट्यांना ऑइल लागलेले असेल तर घर्षण कमी होऊन त्याच आकड्याला प्लग जास्त घट्ट बसतो, म्हणून ते पुसून घ्यावेत.

दोन्ही खेपांना थेंबभरही ऑइल गळले नाही. पहिल्या खेपेस चुंबकावर करड्या लुकणीचा जाड थर होता, दुसऱ्या खेपेस पातळ. पहिल्या थरातला काही भाग आधीपासून तळाशी साचलेला असावा, असे मला वाटते. माथ्याला आडवे भोक पाडलेले आहे, ते शर्यतीत सुरक्षा-तार बांधण्यासाठी. रस्त्यावर चालवणाऱ्याला त्याचे काही काम नाही. माथा मूळ प्लगपेक्षा उंच आहे, त्यामुळे इंजिनाखाली संरक्षक पत्रा नसलेल्या आणि खडबडीत वाटेवर जाणाऱ्या गाडीसाठी मी हा सुचवणार नाही.

ज्यांच्या केसचे आटे आधीच गेले आहेत, त्यांनी हाही प्लग घेऊ नये आणि स्वतःच नवे आटे कापत जाणारा जाड प्लगही शक्यतो टाळावा. तो वाकडा शिरला तर दुरुस्तीला उरलेला धातूही जातो. अशा भोकात पोलादी आट्यांची वेटोळी किंवा नळी बसवून घ्यावी, आणि मग मूळ मापाचा प्लग आणावा.