पाच वाक्यांच्या पत्राने झालेली फसवणूक

अमेरिकेत ओहायोत राहत असताना माझ्या यजमानांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी अफूवर्गीय गोळ्या लिहून दिल्या. त्यांची सवय लागेल का, असे मी स्पष्टच विचारले, तेव्हा त्यांनी एका औषध कंपनीची गुळगुळीत पुस्तिका पुढे सरकवून एका ओळीवर बोट ठेवले: व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी. खाली बारीक अक्षरांत संदर्भ होता, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकाचा, 1980. पुढे गोळीची वेळ टळली की यजमानांना दरदरून घाम सुटे, पायांत गोळे येत आणि रात्रभर येरझारा चालत; तरी डॉक्टरांचे म्हणणे एकच, की हे व्यसन नव्हे, दुखणे पुरते शमलेले नाही, तेव्हा मात्रा वाढवू.

तो संदर्भ मी अखेर ग्रंथालयात काढून पाहिला. तो शोधनिबंध नव्हताच. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी संपादकांना लिहिलेले ते पाच वाक्यांचे पत्र होते. रुग्णालयात दाखल असताना अशी औषधे मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या केवळ चौघांत व्यसनाची खात्रीलायक नोंद आढळली, एवढेच त्यात होते. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नाही. पत्रलेखक खोटे बोलले नव्हते, लबाडी झाली ती रुग्णालयाचा उल्लेख गाळण्यात. 2017 मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचे 608 उल्लेख तपासले, तेव्हा 439 ठिकाणी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलेले होते, तर 491 ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेलेच नव्हते. त्यानंतर नियतकालिकाने मूळ पत्रावर सावधगिरीची टीप जोडली.

ऑक्सिकॉन्टिन ही अशीच एक अफूवर्गीय गोळी; आमच्या गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या होत्या. पण ऑक्सिकॉन्टिन कमी व्यसनकारक असल्याचा दिशाभूल करणारा प्रचार केल्याचे पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने 2007 मध्ये न्यायालयात कबूल केले आहे.

असा आकडा कोणी दाखवल्यास ते रुग्ण रुग्णालयात होते की घरी, आणि त्यांनी औषध किती दिवस घेतले, हे आधी विचारावे. सुरू असलेल्या गोळ्या मात्र धास्तीने एकदम बंद करू नयेत. यजमानांची मात्रा दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवावी लागली.