येझदीच्या टाकीखाली कॉम्प्युटर: हाताने बनवलेल्या कॅबिनेटचा दिवाळी ते पावसाळा अनुभव

मे महिना निघून जाईपर्यंत येझदी मोटरसायकलच्या रूपात बनवलेल्या या कॉम्प्युटर कॅबिनेटबद्दल काही लिहायचं नाही, असं मी दिवाळीतच ठरवलं होतं. थंडीत कुठलंही कॅबिनेट चांगलंच वाटतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, संध्याकाळी भिंतींना हात लावला तरी चटका बसतो, आणि माझं काम जकार्ड चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढायचं, म्हणजे मशीन दिवसभर चालू. खरी परीक्षा उन्हाळ्याचीच होती. ती झाली, पावसाळाही निम्मा सरला, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

वस्तू अशी आहे: वर येझदीची टाकी, पुढे गोल हेडलाइट, मागे छोटं सीट, खाली डबल स्टँड. चाकं नाहीत. टाकीखाली जिथे इंजिन असतं तिथे मदरबोर्ड (सगळे भाग जोडायची मुख्य पाटी), आणि बॅटरीच्या डब्याच्या जागी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. सांगाडा २० मिमीच्या चौकोनी पाइपचा, पत्रा १.२ मिमीचा. लेझर कटिंग एमआयडीसीत करून मिळतं, पण मला ते हातानेच करायचं होतं. हॅक्सॉ, ड्रिल, कानस, आटे पाडायचा टॅप, एवढ्यावर सगळं झालं. फक्त वेल्डिंग बाहेरून.

येझदीच का, तर मला ती गाडी मनापासून आवडते. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी तिचे सुटे भाग भंगारात अजून सापडतात. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि सगळ्यांत न्यारी गोष्ट म्हणजे किक आणि गियरचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गियर. या दांड्याने कॉम्प्युटर चालू व्हायला हवा, ही कल्पना आधी आली. बाकीचं सगळं तिच्यामागून आलं.

आतला माल साधा आहे. १७० × १७० मिमीचा मिनी आयटीएक्स मापाचा मदरबोर्ड, रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि एसएफएक्स मापाचा एसएमपीएस. हा एसएमपीएस १२५ × १०० × ६३.५ मिमीचा असतो, म्हणून बॅटरीच्या जागेत बसला. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस तिथे मावतच नाही. ग्राफिक्स कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून उभं आहे, मधे दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. केबल जुन्या पिढीची आणि बोर्ड-कार्ड नव्या पिढीचं असेल, तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) कार्डाचा स्लॉट जेन ३ वर, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या वेगावर ठेवा. नाहीतर स्क्रीन काळी पडते आणि माणूस बिचाऱ्या कार्डाला दोष देत बसतो.

टाकीबद्दल एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगायला हवी, कारण यात जीव जाऊ शकतो. जुनी टाकी रिकामी दिसते, वासही येत नाही, पण शिवणीत आणि गंजाच्या थरात पेट्रोल मुरलेलं असतं. थोडी वाफ आणि ग्राइंडरची एक ठिणगी, एवढं स्फोटाला पुरतं. मी टाकी डिटर्जंटच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, आणि तरीही वेल्डरचाचांनी ती हातात घेऊन बाजूला ठेवली. म्हणाले, "मालक, पाणी भरून आणा, मगच हात लावतो." टाकी उलटी करायची, टोपी आणि पेट्रोलच्या कॉकचं तोंड बंद करायचं आणि कापायच्या रेषेच्या अगदी खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. कापायलाही ग्राइंडर नको, पत्र्याची कात्री आणि हॅक्सॉ वापरा. वेळ लागतो, लागू द्या. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी टाकी न कापता नुसती वर ठेवावी, दिसायला काही फरक पडत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे हवेचं. गाडीचं इंजिन पंख्यावर थंड होत नाही, ते पळण्यावर थंड होतं. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवरून समोरचा वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. सिग्नलला दहा मिनिटं उभी केली की तीच गाडी तापते. प्रोसेसरच्या हीटसिंकचे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे पापुद्रे तसेच, धातू तोच, पण कॉम्प्युटर जन्मभर सिग्नलला उभा असतो. म्हणून गाडीचं रूप देताना जो भाग हवेच्या वाटेत येईल तो कितीही देखणा असला तरी हलवायचा, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. आज कॅबिनेट चांगलं चाललंय ते या नियमामुळेच.

सायलेन्सरचंच घ्या. जो बघतो तो विचारतो, गरम हवा सायलेन्सरमधून बाहेर काढली का? मलाही ते करायचं होतं. पण हिशेब मांडला. १२० मिमी पंख्याचं तोंड साधारण ११३ चौरस सेंमी. ४० मिमी आतल्या व्यासाच्या नळीचं तोंड साडेबारा. दोन्ही सायलेन्सर धरले तरी पंचवीस. एका पंख्याची हवासुद्धा त्यातून मोकळी जात नाही, आणि आतले पडदे वेगळेच. म्हणून सायलेन्सर फक्त शोभेचे आहेत. कॉस्टिक सोड्यात ठेवून आतली काजळी काढली, नाहीतर खोलीभर जळक्या तेलाचा वास राहिला असता.

खरा रस्ता असा: समोर हेडलाइटच्या मागे १२० मिमीचे दोन पंखे एकावर एक, हवा आत घेणारे. मागे सीटखाली १४० मिमीचा एक, बाहेर फेकणारा. टाकीच्या पोटाखाली गरम हवा अडकते, कारण टाकी म्हणजे उलटी परातच. त्यासाठी टाकीचा बोगदा मागच्या बाजूने पूर्ण उघडा ठेवला, म्हणजे वर चढलेली हवा घसरत सीटखालच्या पंख्याकडे जाते. पंखे आणि पत्र्याच्या मधे टाकी बसवायचे रबरी बुश अर्धे कापून घातलेत. पत्रा अजिबात वाजत नाही.

नोव्हेंबरात खोली २६ अंशांवर असताना पूर्ण भारावर प्रोसेसर ६४ च्या आसपास राहायचा. मे महिन्यात दुपारी खोलीच ३९ वर, तेव्हा ७७-७८. म्हणजे खोलीपेक्षा ३८-३९ अंश जास्त, दोन्ही वेळा सारखंच. कॅबिनेट तपासताना हाच फरक बघा, नुसता आकडा फसवा असतो. या प्रोसेसरची हद्द ९५ अंशांची, त्यामुळे धोका कुठेच नव्हता. तरी मे महिन्यात दुपारपुरता इको मोड लावला, ६५ वॉटचा प्रोसेसर ४५ वॉटवर. ग्राफ (चौकटींवर मांडलेली नक्षी) आणि रंगाच्या कामात फरक जाणवला नाही. टॉवेलचं कापड पडद्यावर उभं करून दाखवायचं असेल तेव्हाच जाणवला.

उष्णतेपेक्षा जास्त त्रास दिला तो सुताने. मी पूर्व भागात राहतो, गल्लीत यंत्रमागांचे कारखाने. हवेत कापसाचे इतके बारीक तंतू असतात की खिडकीच्या जाळीवर महिन्यात पांढरी साय धरते. बाजारात मिळणाऱ्या कॅबिनेटच्या जाळ्या धुळीसाठी असतात. सूत त्यांच्या भोकांतून अर्धं आत शिरतं, तिथेच अडकतं आणि नमदा तयार होतो. मी हवा आत जास्त आणि बाहेर कमी जाईल असे वेग ठेवलेत, त्यामुळे फटींतून धूळ ओढली जात नाही, जे काही यायचं ते समोरूनच येतं. आणि समोर नायलॉनची बारीक जाळी चुंबकाच्या पट्टीवर बसवलीय, ओढली की निघते. दर आठवड्याला काढतो, झटकतो, महिन्यातून एकदा धुतो. नमदा एका तुकड्यात सोलून निघतो, हाताला मऊ लागतो, आणि त्यात बारकाईने पाहिलं तर शेजारच्या कारखान्यात त्या आठवड्यात कुठला रंग मागावर होता तेसुद्धा कळतं: एकदा गुलाबी, एकदा गर्द निळा.

पाण्याचा कूलर असेल तर त्याच्या झोतासमोर मशीन ठेवू नका. दमट हवेत सूत चिकट होतं आणि पंख्याच्या पात्यांना लेप बसतो. शिवाय पत्र्याच्या कापलेल्या कडा गंजतात. माझ्या समोरच्या जाळीच्या चौकटीला तांबूस रेघ आलीच. रेड ऑक्साइड लावून पुन्हा रंगवली.

चालू-बंदची व्यवस्था रोजच्या वापरात सगळ्यांत जास्त आनंद देते. मदरबोर्डाला पॉवर स्विच क्षणभरच दाबलेला लागतो. सतत जोडलेला राहिला की चार-पाच सेकंदांत मशीन बंद पडतं. म्हणून गाडीची चावी थेट जोडता येत नाही. मी चावी आणि किकचा मायक्रोस्विच एकामागे एक जोडलेत. मायक्रोस्विच मागाच्या सुट्या भागांच्या दुकानातला, लाखो वेळा दाबला जाण्यासाठीच बनवलेला. चावी फिरवायची, दांडा आत दाबून वर आणायचा, एक किक, आणि पंखे फिरतात. किकच्या दांड्याला मूळ स्प्रिंग फार जड होती, सायकलच्या स्टँडची हलकी स्प्रिंग लावली. चालू झाल्यावर चावी काढून खिशात. मग भाचा दिवसभर किक मारत बसला तरी काम बंद पडत नाही.

स्पीडोमीटरचं मूळ यंत्र केबलवर फिरणाऱ्या चुंबकाचं असतं. ते काढून तिथे गाड्यांच्या डॅशबोर्डात असते ती एक्स२७.१६८ ही छोटी स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने नेमकी फिरणारी) बसवली आणि आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडली. छोटा सर्व्हो स्वस्त पडतो, पण तो कुरकुरतो आणि काटा थरथरतो. स्टेपरचा काटा लोण्यासारखा फिरतो. डायल शून्य ते १२० ची आहे, म्हणून एक किलोमीटर म्हणजे एक अंश असं सरळ ठेवलं. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर या सॉफ्टवेअरमधून प्रोसेसरचं तापमान वाचणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट ते यूएसबीवर पाठवते. मे महिन्यात माझी येझदी दुपारभर ७५ च्या पुढे पळत होती. किलोमीटर मोजणारी चाकं तशीच ठेवलीत. कोणाच्या तरी गाडीचे ते किलोमीटर आहेत, शेवटचा आकडा दोन अंकांच्या मधे अडकलेला. ते पुसायचा अधिकार मला नाही असं वाटलं. मशीन बंद केल्यावरही डायलचा दिवा चालू राहत असेल तर बायोसमध्ये ईआरपी ही वीजबचतीची सेटिंग चालू करा, बंद असताना यूएसबीला मिळणारी वीज थांबते.

हेडलाइटमध्ये मूळ बल्ब नको, तो तापतो. १२ व्होल्टचा एलईडी एसएमपीएसच्या पिवळ्या-काळ्या वायरवर चालतो. मागचा लाल दिवा डिस्क वाचताना लुकलुकतो, पण बोर्डाच्या एचडीडी पिना इतका करंट देत नाहीत, मधे ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) घातलाय.

अर्थिंगकडे कोणीही दुर्लक्ष करू नये. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसेल तर पत्र्याला हात लावल्यावर चुणचुण लागते, टेस्टर लावला की पेटतो. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. आणि पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही, त्यामुळे बोर्डाच्या स्क्रूखालचा आणि एसएमपीएसच्या चौकटीचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, मग मल्टिमीटरने टाकीच्या टोपीपासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत बीप वाजतो का बघायचं. टाकी रबरावर बसते, म्हणून तिला वेगळी वायर दिलीय. हात सारखा लागतो तो टाकीलाच.

रंगाबद्दल थोडक्यात: ४०० पासून २००० नंबरपर्यंत पाण्याचा पेपर, टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) मरून रंग, वर लॅकर. बुलेटच्या टाकीवर सोनेरी रेषा हाताने ओढतात तशी एक रेघ पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून ओढून घेतली. श्वास रोखून एका झटक्यात ओढली त्यांनी, आणि ती अजून जशीच्या तशी आहे. सायलेन्सरच्या क्रोमबद्दल तसं म्हणता येत नाही. ज्यांनी करून दिलं त्यांनी खाली निकेलचा थर नीट दिलेला दिसत नाही, पावसाळ्यात ठिपके उठलेत.

खर्च भंगार, पत्रा, वेल्डिंग, रंग आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून चांगल्या तयार कॅबिनेटएवढा, नऊ-दहा हजारांच्या घरात. वजन मात्र तयार कॅबिनेटच्या दुप्पट-तिप्पट, जागचं हलवायला दोन माणसं लागतात. रॅम बदलायची तर सीट आणि उजवी बाजू दोन्ही काढावी लागतात. दिवाळीनंतर उजव्या पॅनलला बिजागऱ्या लावणार आहे. तेवढं सोडलं तर मला दुसरं कॅबिनेट नको.

ज्यांच्याकडे मायक्रो एटीएक्स बोर्ड आहे त्यांच्यासाठी: तो २४४ मिमीचा, म्हणजे माझ्या बोर्डापेक्षा ७४ मिमी मोठा. सांगाडा तेवढा लांब केला तर येझदीची टाकी वर लहान दिसते आणि पुढच्या पंख्यांपासून हीटसिंक लांब जातं. त्यापेक्षा बुलेटची टाकी शोधा, आणि टाकी हातात आल्यावरच पाइप कापायला घ्या.