ग्रँड आयलंडची स्नॉर्कलिंग सफर: बोट ठरवताना आधी नांगर बघा

गोव्यात कोको बीचवरून निघा, सिकेरीहून, मालीम जेटीवरून नाहीतर बायण्याहून, दिवसभराच्या पॅकेजचा साचा सगळीकडे सारखाच. वाटेत डॉल्फिन, मग ग्रँड आयलंडच्या आडोशाला बोट उभी, थोडा वेळ स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघत पोहणं), गळ टाकायची हौस, बार्बेक्यू, बीअर आणि परत. जेवण बेताचंच असतं, त्यावर शब्द खर्चण्यात अर्थ नाही.

पाण्याखाली बघण्यासारखं आहे का? आहे. पण जाहिरातीतलं निळंशार पाणी डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. बेट झुवारीच्या मुखाबाहेर आहे, मांडवीही लांब नाही. दोन्ही नद्यांचा गाळ इथवर पोचतो, त्यामुळे चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचे पायही पुसट होतात. अशा गढूळ पाण्यात तग धरणारी पोवळी, म्हणजे प्रवाळ, इथे आहेत: खडकाला धरून वाढणारं गोलसर पोरायटिस आणि पातळ थर पसरणारं टर्बिनेरिया. कपारीत गोबरा, वर काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे, नशीब असेल तर पोपटमासा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात निवळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, आणि त्यातही सकाळची पहिली बोट. दुपारी वारा सुटला की लाटा वाढतात, बोटीवरच्या उलट्याही.

आता नांगर. पुष्कळ बोटींवर चार नखांचा लोखंडी नांगर असतो. तो खडकात पटकन अडकतो म्हणून खलाशाला सोयीचा, आणि पोवळीही त्याच खडकावर असतात. खोलीच्या निदान तिप्पट-चौपट दोर सोडला तर ओढ आडवी राहते आणि नांगर वाळूतही धरतो. पण सुट्टीच्या दिवशी एकाच आडोशाला बोटींची दाटी होते, दोर आखूड ठेवावा लागतो. मग ओढ वरच्या बाजूला येते, नांगर सुटतो, घसटत जातो आणि पुढच्या खडकात रुततो. निघताना इंजिनाच्या जोरावर उपटला की नखांना पोवळ्याचे तुकडे लागून वर येतात. पोरायटिस वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे ताटाएवढं व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. चांगली बोट कायम बांधलेल्या बोयाला (तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) दोर लावते, किंवा वाळूच्या पट्ट्यावर नांगर टाकून लोकांना पोहत खडकाकडे नेते. एवढं एक पाहिलं तरी चालवणारा कसा आहे ते कळतं.

सामान बोटीवर चढण्याआधी तपासा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर मापाचा. मिशी असेल किंवा कडेखाली केस अडकले तर पाणी शिरणारच. काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून खळखळून घ्या, किळस वाटत असेल तर पातळ केलेला बेबी शाम्पू. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारून बाहेर काढायचं, हे बोटीवरच शिकवायला हवं. स्वस्त पॅकेजमध्ये फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी पंख, देत नाहीत. तिथेच गोची होते: फिन्स नसलेला माणूस दमतो आणि टेकायला खडक शोधतो. पायाखाली जिवंत पोवळं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सनस्क्रीनचा जाड थर लावून पाण्यात उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट बरा. ऑक्सिबेन्झोनमुळे पोवळ्यांना धोका म्हणून हवाईने २०२१ पासून तसली क्रीम विकायला बंदी घातली आहे.

पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करणं हा फोटोपुरता खेळ. पावाला चटावलेले मासे खडकावरचं शेवाळ खुडायचं सोडून माणसांभोवती घोटाळतात, आणि शेवाळ माजलं की पोवळी गुदमरतात. त्याच जागी गळ टाकून तेच मासे धरायचे, यातला विनोद पॅकेज बांधणाऱ्याला दिसत नाही असं दिसतं. गळाची तुटलेली तंगूस (नायलॉनची दोरी) पोवळ्यात अडकून राहते ती वेगळीच.

शेजारी मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांचा विरोध, अंमलबजावणीतली ढिलाई हे सगळं धरूनही तिथे गाभा आणि भोवतालचा पट्टा अशी रेषा आखलेली आहे. ग्रँड आयलंडभोवती तशी रेषा नाही. पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तुकडा उचलून पिशवीत टाकला तरी गुन्हा. पण बोट कुठे थांबवायची आणि एका वेळी किती बोटी थांबतील, हे बोटवाल्यांच्या मर्जीवर चालतं. म्हणून समुद्राला पाचपैकी साडेतीन आणि सरासरी सेवेला दोन.

बुकिंगच्या फोनवर एवढं विचारा: बोयाला बांधता की नांगर टाकता? फिन्स देता का? पाण्यात किती जणांमागे तुमचा एक माणूस उतरतो? बोट कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (गोवा सरकारच्या बंदर खात्याकडे) नोंदलेली आहे का, आणि प्रवासी किती मंजूर आहेत? पहिल्याच प्रश्नाला ‘तुम्ही या हो, सगळं होतं’ असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा.